तळाचं लाल बटण

वस्तू बोलायच्या आणि माणसं ऐकायचीही, तेव्हाची ही गोष्ट.

घरी पाहुणे होते. कुमुदवहिनींनी मिक्सरचं भांडं काठोकाठ खोबऱ्यानं भरलं. मिक्सर घरघरला आणि बंद पडला. वहिनींनी वैतागून त्याला चापट मारली.

“मारू नका हो,” मिक्सर कळवळला. “भार फार झाला की जळण्याआधी मी थांबतो. स्विच बंद करा, अर्धं खोबरं काढा, मला जरा निवू द्या. मग माझ्या तळाचं लाल बटण दाबा, होईन सुरू.”

वहिनी स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

बाहेरून धाकट्या दिरानं हाक मारली, “वहिनी, चहाचं काय झालं?”

“मिक्सर तापलाय.”

“अहो, चहाला मिक्सर कशाला लागतो?”

“मीही तापलेय, भाऊजी. निवले की करते.”