पोळ्याची अब्रू

फार जुनी गोष्ट. तेव्हा युद्ध पुकारणारे वेगळे आणि मरणारे वेगळे असत. आता तसं नसेलच म्हणा.

मोहाच्या झाडावर मधमाश्यांचं पोळं होतं. खाली एक अस्वल गळलेली मोहाची फुलं खात होतं. खाताखाता त्यानं एकदा वर पाहिलं. झालं! पोळ्यातले नर खवळले. नरांना नांगी नसते आणि मध आयता मिळतो, त्यामुळे शौर्यावर बोलायला त्यांना भरपूर सवड असे.

"वाकडी नजर केली त्यानं! पोळ्याची अब्रू गेली!" तुंदिलकाका गरजले. "पोरींनो, तुटून पडा!"

अस्वलाला डंख मारणारी माशी मरते, हे पोळ्यातल्या अळीलाही ठाऊक होतं. तरी टिकली नावाची थोरली माशी गेली. तिची धाकटी बहीण चिमीही निघाली. तिला मरणाची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही.

ती अस्वलाच्या कानावर बसली. शेजारीच केसांत टिकली मरून अडकली होती. अस्वलाला पत्ताही नव्हता. ते मचमच खात होतं. 'हिनं जीव दिला, मग मी कोण वाचणारी?' चिमीला वाटलं. 'पण यानं आपलं बिघडवलं काय?' तिची नांगी उठेना.

फुलं संपली, तसं अस्वल निघून गेलं.

"शत्रू पळाला!" पोळ्यात विजयोत्सव सुरू झाला. हुतात्म्यांच्या नावानं काका मध चाटत होते. चिमीला पाहताच ते कडाडले, "नांगी शाबूत घेऊन परतलीस? लाज नाही वाटत?"

"वाटत होती, काका," चिमी म्हणाली, "तुम्हांला जेवताना पाहीपर्यंत."