बंद पियानोची परीक्षा

मालिनी सबनीस यांनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं, तेही मुलींनी अक्षरांकडे बघू नये म्हणून त्यांच्या हातांवर फडकं टाकून. निवृत्तीनंतर त्यांना पियानो शिकायचा होता. पस्तीस हजार साठले होते आणि पुन्हा एवढे साठणार नव्हते.

वाद्यांच्या दुकानाचे मालक धारप यांनी चकचकीत कीबोर्डचं बटण दाबलं, तसा तो आपोआप धो-धो वाजू लागला.

"पाचशे आवाज आहेत यात. तेवढ्याच पैशात तो कोपऱ्यातला डिजिटल पियानो घ्याल, तर दहाच मिळतील. तुम्हाला यातलं कळत नाही, बाई. मी सांगतो तो घ्या."

बाईंनी दोन्ही बंद करायला लावले. मग डोळे मिटून दोन्हींच्या पट्ट्या सावकाश दाबल्या. चकचकीत कीबोर्डच्या पट्ट्या नुसत्या स्पर्शानं खाली जात होत्या. कोपऱ्यातल्या पियानोच्या मात्र जड होत्या, बोटांकडून मेहनत मागत होत्या.

धारप हसले. "बंद पियानोवर काय कळणार?"

"चालू होता तेव्हा तुमचा कीबोर्ड किती तयार आहे ते कळलं," बाई म्हणाल्या. "बंद केल्यावर मला कोण तयार करील ते कळलं. तो कोपऱ्यातला बांधून द्या."