तापलेला हात

"मग अजून जवळ नेऊ का, चाचा?"

चाचा धुनीतलं लाकूड पुढं सरकवत बसले.

विचारणारा यशोधन इंगवले. इंजिनियर. वय तिशीच्या आत, शिक्षण डोक्यावरून जाईल एवढं. दस्तगीर चाचांनी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत चाळीस वर्षं भट्टी सांभाळली. आता दर्ग्यामागच्या तकियात, फकिरांच्या मठीत, धुनी राखतात. मी त्याच फाउंड्रीत साचे करतो. यशोधनला इथं आणायची अवदसा मलाच आठवली होती.

प्रकरण असं. यशोधननं तळहाताएवढी एक काळी पाटी बनवली होती. छपरावरच्या सोलरच्या पाट्या उन्हावर वीज करतात, ही भट्टीच्या धगीवर करायची. धगीतसुद्धा डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात, तो ही पाटी पकडते, असं त्यानं मला तीनदा समजावलं. मला तीनदा समजलं नाही. पण पाटीला जोडलेला दिवा लागलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता.

आता तो टिकेना. पाटी भट्टीसमोर धरली की दिवा क्षणभर पेटायचा आणि मान टाकायचा. यशोधन ती वीतभर पुढं सरकवायचा. दिवा आणखी लवकर विझायचा.

शुक्रवारी फाउंड्रीचे मालक बघायला येणार होते. दिवा टिकला नाही तर तीन वर्षांचं काम बंद, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. गडी चार दिवस धड जेवला नव्हता. मला त्याची कीव येत होती आणि त्याच्या तोऱ्याचा रागही येत होता.

"धग जास्त, तर वीज जास्त," तो म्हणाला. "सरळ आहे. मग चुकतंय कुठं?"

"हात दे," चाचा म्हणाले.

यशोधननं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? त्यानं हात दिला. चाचांनी तो उलटा करून, मागची बाजू जाळाकडं येईल असा धुनीसमोर धरला.

"धग किती?"

"भरपूर."

चाचांनी मनगट सोडलं नाही. मला गावाकडचं विचारलं. पाऊसपाणी, म्हैस, थोरल्या मुलीचं लग्न. यशोधन चुळबुळत होता. त्याला वाटत होतं आपला वेळ चाललाय, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. म्हातारपणी माणसाचं तंत्र बिघडतं, असं मी मनाशी म्हटलं.

"आता किती?"

"मघापेक्षा कमी."

चाचांनी धुनीत आणखी एक लाकूड घातलं. जाळ वाढला. माझ्या तोंडाला झळ लागली, मी मागं सरकलो.

"आता?"

यशोधननं जाळाकडं पाहिलं, मग हाताकडं. पुन्हा जाळाकडं पाहिलं.

"कळत नाही, चाचा... काहीच नीट कळत नाही."

चाचांनी शेजारची पाण्याची बादली पायानं पुढं ढकलली. यशोधननं हात बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि पुन्हा धुनीसमोर आणला. आणला तसा झटकन मागं घेतला.

"भट्टीवाला हात भिजवल्याशिवाय ताव बघत नाही," चाचा म्हणाले. "तापल्या हाताला भट्टी गार लागते."

आमच्याकडचे भट्टीवाले हेच करतात. वीस वर्षं रोज बघतोय. हात भाजू नये म्हणून भिजवत असतील, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही. म्हणजे अडाणी एकटा यशोधन नव्हता.

तो मात्र पांढरा पडला होता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाटीच्या पाठीला एक नळी होती, तिच्यातून गार पाणी फिरायचं. ते बाहेर यायचं तेव्हा आंघोळीला चालेल इतकं कढत असायचं. त्याचा जीव तुटायचा. एवढी धग गटारात जातेय आणि दिवा एवढासाच लागतोय. मालकही त्या दिव्याला हसले होते. म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यानं नळी बंद केली. सगळी धग पाटीलाच मिळू दे म्हणून.

"पाटी गार ठेवावी लागते, हे पुस्तकात आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "मी दुसऱ्यांना शिकवलंय. तरी मी बंद केली... का केली, मलाच समजत नाही."

चाचांनी बादली पायानं बाजूला सारली.

मला वाटलं, झालं, सुटला गुंता. उठायला हवं. पण यशोधन उठेना. चेहऱ्यावरचा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालला होता.

"चाचा, नळी उघडली की निम्म्याहून जास्त धग पाण्यात जाणार. नाही उघडली तर वीजच नाही. म्हणजे वीज पाहिजे असेल तर धग घालवायची. मग घालवायची तरी किती?"

चाचांनी लुंगीवरची राख झटकली...

"जेवढी तुला सोडवत नाही, तेवढी."