आमचा सायमन

"रविवारी प्रवचनात एवढंच सांगा, फादर, की बांध वाचवायला निघालेला सायमन आपल्यातलाच आहे. सांगाल ना?" सायमनने विचारलं.

फादर संतान तुस्कानो चर्चमागे तोंडलीच्या वेलाला मांडव बांधत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"बाप्तिस्मा कुठे झाला तुझा?"

"नाशिकला."

"अस्सं..."

त्या 'अस्सं'चा सायमनला रागच आला. खाडीचा बांध फुटला तर गावच्या विहिरी खारट होतील, हे घरोघर फिरून पटवलं कुणी? त्यानेच. मोर्चासाठी अख्खं गाव उभं केलं, तेही त्यानेच.

"क्रुसाची खूण करताना तुझा हात आधी उजव्या खांद्याला जातो," सुतळीला गाठ मारत फादर म्हणाले. "आपल्यात आधी डाव्या खांद्याला जातो. पहिल्या दिवसापासून बघतोय."

सायमनने उजवा हात पाठीमागे घेतला.

"सुहास पोतनीस," शेवटी तो म्हणाला. "पुण्याचा. इथल्या लोकांनी माझं ऐकावं म्हणून सायमन झालो. पण बांधाचं खोटं नाही हो, फादर!"

"बांधाचं खरंच आहे. मोर्चात मीही येणार आहे. पण तू कोण, ते तू सांग. लोकांना."

"सांगितलं तर तुटतील सगळे."

"मोर्चातून?"

"मोर्चाचं नाही म्हणत मी... संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेला आगामावशी सरकून मला जागा करून देतात. 'आमचा सायमन' म्हणतात. आई गेल्यापासून असं कुणी... प्रार्थना चालू असते आणि वाटतं, हे घर खरंच माझं असतं तर! आधी नुसते ओठ हलवायचो, फादर. आता तसं होत नाही."

आत चर्चमध्ये कुणीतरी पेटीवर एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होतं.

सुहास एकदम त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"मग आत्ताच द्या मला बाप्तिस्मा! नाव सायमनच ठेवा. म्हणजे कुणाला काही सांगायलाच नको."

फादरांनी ओट्यावरचा तांब्या उचलला. सुहासने डोळे मिटून मान खाली घातली. वाट पाहिली...

एक थेंबही पडला नाही.

त्याने वर पाहिलं. तांब्या त्याच्या डोक्यावर धरलेला होता.

"पाणी तर आहे, बाळा," फादर म्हणाले. "ओतू कुणावर?"