नदीबाईच्या पाटाची कहाणी

ऐका नदीबाई, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक गाव होतं. गावाला नदी, नदीला मोठं वळण, वळणावर धनशेट वाण्याचं दुकान. त्याची बायको गयनाबाई. दुकानात कुणी आलं की शेट पाट सरकवी, सुपारी पुढं करी. म्हणे, "बसलेलं गिऱ्हाईक घेतं. उभ्यानं आलेलं उभ्यानं जातं."

पावसाळ्यात नदी फुगे, वळणावर पसरे, वाण्याच्या खळ्यात पंधरा दिवस बसून राही. गयनाबाईची चिंच बुरसे, मिरच्या सडत. एके दिवशी दारी म्हातारी आली. पायाला गाळ, लुगडं ओलं. म्हणाली, "बाई बाई, डोंगरापासून पळत आले. घडीभर टेकू दे." गयनाबाईनं ओळखलं, ही नदीबाई. हात पिठाचे होते. म्हणाली, "पुढं जा." दुसऱ्या वर्षी आली. "पुढं जा." तिसऱ्या वर्षी आली. "आजीबाई, कान गेले का? पुढं जा म्हटलं ना."

म्हातारी म्हणाली, "कान शाबूत आहेत. एक पाट दे, मग जाईन."

मग गयनाबाईनं शेटला सांगितलं, "नदी पाट मागते." शेट म्हणाला, "एवढंच ना? देऊ की." त्यानं बेलदार लावले. वळणाच्या तोंडाशी दगडी भिंत घातली, या टोकापासून त्या टोकाला सरळ पाट खणला. नदी पाटात शिरली आणि पुढं गेली. खळं कोरडं झालं. मिरच्या खडखडीत वाळल्या. गावानं नारळ देऊन शेटचा मान केला.

मग नदी पळू लागली. पळता पळता तळ खरवडू लागली. पहिल्या वर्षी गुडघाभर खाली गेली, दुसऱ्या वर्षी पुरुषभर, तिसऱ्या वर्षी काठावरून वाकावं तर डोळे फिरावेत. तिच्यामागं आडांचं पाणी खाली उतरलं. पाऊस डोंगरावरून येई, उभ्या उभ्या निघून जाई. होळीला आड कोरडे.

मग कुंभार गेले, माती भिजवायला पाणी नाही. मग रंगारी गेले. मग शेजारची अनसाकाकू गेली. म्हणाली, "गयने, माझी तुळस तुझ्या हवाली." शेट म्हणाला, "गिऱ्हाईक उरलं नाही, चल." गयनाबाई म्हणाली, "नदीला मी हाकललं. मी राहते." शेट परमुलखी गेला.

गयनाबाई एकटी उरली. चूल एकीची, भाकरी एकीची. बोलावंसं वाटलं की आडात वाकून विचारी, "कुणी आहे का?" आड कोरडं म्हणे, "आहे का?" नदीचा कडा उतरून एक घागर आणी. निम्मी आपल्याला, निम्मी काकूच्या तुळशीला.

एका भर दुपारी म्हातारी दिसली. लुगडं कोरडं, ओठ फुटलेले. काही मागेना, दारावरून चालू लागली. गयनाबाई धावली. "आजीबाई, बसा." शेटचा पाट मांडला, होता तेवढा तांब्या दिला. म्हातारी टेकली.

"रागावलात होय? पाट तर दिला होता आम्ही."

"मी बसायचा मागितला, गं. तू पळायचा दिलास."

गयनाबाईला शेटचं बोलणं आठवलं. मान खाली गेली. "आता काय करू?"

"वसा घे. पाण्याला पुढं जा म्हणू नये. त्याला बसायला द्यावं. तू उतू नकोस, मातू नकोस. मला मात्र उतू दे."

मग पहिल्या वर्षी गयनाबाईनं उतारावर दगडांच्या ओळी मांडल्या. प्रत्येक दगडाला म्हणे, "हा तुमचा पाट." दुसऱ्या वर्षी वळणाची भिंत उकलली, तेच दगड शेटनं खणलेल्या पाटात रचले. दगडांमागं गाळ धरला, तळ वर आला. तिसऱ्या वर्षी नदी अडखळली, वळली, जुन्या वाटेनं आली, खळ्यात पसरली. पंधरा दिवस बसली. मिरच्या सडल्या. गयनाबाई उंबऱ्यावर बसून बघत राहिली.

होळीला ती आडात वाकली. "कुणी आहे का?" हाक ओली होऊन वर आली.

चैत्रात अनसाकाकू दारात उभी. "तुळस न्यायला आले. बसत नाही, बाई, लांब जायचंय."

"बसा तर," गयनाबाई म्हणाली. पाट सरकवला. काकू बसली, पाणी प्याली, आणि राहिली. शेटची खबर नाही. त्याचा पाट गयनाबाई रोज पुसते, आल्यागेल्याला मांडते, परत भिंतीशी लावते.

जशी नदीबाई तिच्या दारी टेकली, तशी तुमच्याआमच्या दारी टेको. गेलेलं माणूस परतो, आलेलं बसो. ही साठां वळणांची कहाणी पांचा वळणांत विसावली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.