पाटलाची काटी आणि जत्रेचं दुसरं दार

एका गावात एक पाटील होता आणि त्या पाटलाची एक काटी होती. पाटलाला मिशी असते, पागोटं असतं, हे काटीचं काय मध्येच, असं विचाराल. तर ऐका.

गाव होतं डोंगराच्या पायथ्याला. गावाबाहेर माळावर बोरजाई देवीचं ठाणं होतं आणि चैत्रात तिची मोठी जत्रा भरे. डोंगरात वाघरू फार, म्हणून वाडवडलांनी जत्रेच्या माळाला काटेरी कुंपण घालायची रीत पाडली होती. जत्रेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराने बोरीच्या काटेरी फांद्यांची एक जुडी वाजतगाजत न्यायची आणि कुंपणात आपल्या ठरलेल्या जागी रोवायची. त्या जुडीला काटी म्हणत. आत जायला आणि बाहेर यायला एकच दार, देवीची कमान.

पुढे वाघ गेले, कुंपण राहिलं. आणि काटीला मान चिकटला. "कुंपणात काटी नाही, त्याचं गावात घर नाही," अशी म्हणच पडली होती. देवीच्या उजव्या हाताला, ओढ्याच्या बाजूला पाटलाची काटी. ती सगळ्यांत मानाची. तिच्या शेजारी पाटलाच्या चुलतभावाची. भावकी ती भावकी, काटीत काटी अडकवूनच उभी राहायची!

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण दूर कुठल्याशा गावी जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आणि राजाने हुकूम काढला की यापुढे परवान्याशिवाय जत्रा भरवायची नाही. अंमलदार येऊन जागा बघेल, त्याच्या अटी मान्य असतील तर परवाना मिळेल.

पाटील असा भडकला की विचारू नका. "आमच्या देवीला परवाना? उद्या म्हणाल, सूर्याने उगवायचा परवाना काढावा!" तो काही अंमलदाराकडे गेला नाही, आणि त्या वर्षी जत्रा भरली नाही.

जत्रा नाही म्हटल्यावर गावाचं तोंडच उतरलं. पाटलाच्या घरात तर कोणी कोणाशी धड बोलेना. त्यांची एकुलती एक लेक लांब दिली होती. तिचे सासरचे मोठे कडक, जत्रेशिवाय माहेरी धाडायचे नाहीत. तिला बाळ झालं, बाळ रांगायला लागलं, तरी आजीआजोबांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

पुढचा चैत्र जवळ आला तशी पाटलीण म्हणाली, "अहो, तुमची मिशी खाली आली तर परत वर पिळता येईल. नातवाचं रांगणं परत बघायला मिळायचं नाही. जा नि तो परवाना आणा."

पाटील मुकाट्याने गेला.

अंमलदार आला तो एका मरतुकड्या तट्टावर बसून, शिंकत शिंकत. पोरं खिदळली. हा कसला अंमलदार, फुंकर मारली तर उडेल! पण माणूस कामाचा पक्का होता. तो सगळा माळ पायी फिरला. मूठभर पाचोळा पेटवून धूर कुणीकडे जातो ते बघत उभा राहिला. मग ओढ्याच्या बाजूला येऊन त्याने काठीने जमिनीवर दोन रेघा मारल्या.

"पाटील, इथे दुसरं दार पाहिजे. बैलगाडी सहज जाईल एवढं."

पाटलाने रेघांकडे पाहिलं. बरोबर त्याच्या काटीची जागा! दोन रेघांच्या मध्ये त्याची काटी आणि तिला लागून चुलतभावाची.

"रावसाहेब, पलीकडे सरकवा की जरा. कुंभाराच्या काटीपाशी करा."

"तिकडे खाली कडा आहे. घाबरलेली माणसं कड्यावर धाडू का?"

"मग कमानीच्या अगदी समोर?"

"वारा कमानीकडून आत येतो. आग लागली तर ती त्याच वाटेने समोर जाणार. ओढा इथे आहे, उतार इथे आहे. दार इथेच."

"अहो, पण ही माझ्या मानाची जागा!"

अंमलदार शिंकला आणि नाक पुसत म्हणाला, "तुम्ही 'हो' म्हणा नाहीतर 'नाही' म्हणा. माझी घाई नाही."

पाटलाच्या डोळ्यांपुढे न पाहिलेलं नातवंड आलं. तो म्हणाला, "हो. शब्द देतो. दार मोकळं राहील."

अंमलदाराने परवान्यावर शिक्का उमटवला आणि तट्टावर बसता बसता म्हणाला, "जत्रेला मला यायला जमणार नाही. तपासायला कोणी येणार नाही. तुमच्या शब्दावर सोडून चाललोय."

झालं. गावात आनंदीआनंद! पाटलाने लेकीला निरोप धाडला, पाटलिणीने बाळाला कुंची शिवली.

मग आला काट्यांचा दिवस. हलगी कडाडायला लागली. एकेक घर आपली काटी घेऊन नाचत येई, रोवी, गुलाल उधळी. कुंपण उभं राहिलं, आणि त्यात एकच खिंडार दिसू लागलं. पडलेल्या दातासारखं.

चुलतभाऊ पाटलाच्या कानाशी लागला. "दादा, लोक विचारतायत. पाटलांच्या घरात सुतक आहे का म्हणून."

पाटलाने नजर हलगीवाल्याकडे वळवली.

"आजवर भरल्या जत्रेत आपल्या घराची काटी चुकली नाही, आणि तुमच्या हयातीत चुकावी? त्या शिंकऱ्यासाठी? अहो, परवाना हातात पडला, तो गेला गावाला. आता लावली तर कोण बघतंय?"

कोण बघतंय! या दोन शब्दांनी आजवर किती घरं बुडवली असतील, देव जाणे. पाटलाने आवाज दिला, "आणा रे माझी काटी!" हलगी दुप्पट जोराने वाजली. पाटलाने काटी रोवली, शेजारी चुलतभावाने रोवली, खिंडार बुजलं, गुलाल उडाला आणि पाटलाची छाती वीतभर फुगली.

घरी आल्यावर पाटलीण ताट वाढताना म्हणाली, "शब्द दिला होता ना?"

"देवीच्या मानापुढे अंमलदाराचा शब्द कसला घेऊन बसलीस?"

"अंमलदाराचा कुठला? शब्द तुमचा होता."

पाटील जेवला, पण जेवण काही त्याला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आली. गाडीतून उतरली तीच बाळाला आजोबांच्या हातात देत. बाळाने काय करावं? आजोबांची मिशी धरून अशी ओढली की पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ओढल्यामुळे आलं की कशामुळे, ते त्याचं त्याला ठाऊक. इतका आनंद त्या माणसाला आयुष्यात झाला नव्हता.

जत्रा तुडुंब भरली. रेवड्या, बत्तासे, बांगड्या, पाळणे, पिपाण्या. मागचं वर्ष चुकलेलं, म्हणून लोक दुप्पट आलेले. लेक म्हणाली, "आबा, मी देवीची ओटी भरते आणि आपल्या काटीच्या सावलीला बसून बाळाला पाजते. लहानपणी चुकले की तिथेच येऊन बसायचे ना मी? म्हणजे तुम्हाला शोधायला नको."

ती आत गेली. थोड्या वेळाने पाटील शहाळं घेऊन तिच्याकडे निघाला. कमानीतून आत शिरला आणि अडकला. पुढे माणूस, मागे माणूस. "सरका रे, पाटील आलेत!" असं लोक म्हणत होते, पण सरकायला जागा असेल तर सरकतील! कोणाचा कोपर लागला, कोणाची टोपली. पागोटं सुटलं, शहाळं पडलं, पाटील घामाने निथळला. लेक समोर दिसत होती, पण तिथवर पोचता येईना.

आणि तिथे, त्या गर्दीत, त्याच्या काळजात चर्र झालं.

'मी गावचा पाटील. लोक मला वाट देतायत, कसली आरडाओरड नाही, कोणी घाबरलेलं नाही, आणि तरी मी पोचत नाही. मग काही झालंच, तर माझी पोर कडेवर लेकरू घेऊन बाहेर कशी यायची?'

कसाबसा तो कुंपणाशी पोचला. लेकीने वर पाहिलं. "काय झालं आबा? चेहरा असा का?"

"ऊठ पोरी. जरा बाजूला हो."

आणि पाटलाने स्वतःची काटी दोन्ही हातांनी धरून ओढली. कोयता नाही, फडकं नाही. बोरीचे काटे ते, ओढू तेवढे जास्त रुतणारे! तळहातांतून रक्त आलं तरी तो ओढत राहिला.

चुलतभाऊ धावत आला. "दादा! वेड लागलं का? मानाची काटी दिवसाढवळ्या उपटता?"

"मी लावली, मीच काढतोय. तुझीही काढ."

"मी नाही काढणार. जीव गेला तरी नाही!"

लोक गोळा झाले. कोणी हसलं, कोणी म्हणालं देवी कोपेल. पाटलाला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, पण त्याने ऐकलं नाही. काटी निघाली. बैलगाडी जाईल एवढं नाही, पण दोन माणसं जातील एवढं दार झालं.

अजून लोकांचं हसणं पुरतं थांबलं नव्हतं, तोच कमानीकडे आरोळी उठली. भजीवाल्याच्या कढईतलं तेल भडकलं होतं. त्याचं पाल पेटलं, पालाच्या शेजारचं पाल पेटलं, आणि वारा कमानीकडून आत येत होता. अंमलदाराने पाचोळ्याचा धूर पाहिला होता, अगदी तसाच.

आणि माणसं काय करायला लागली? कमानीकडेच धावायला लागली! आयुष्यभर तेच एक दार ठाऊक. आगीच्या तोंडात निघाली होती सगळी.

पाटलाने जीव खाऊन हाक दिली, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो? इतक्यात त्याला हलगीवाला दिसला. त्याला दंडाला धरून पाटलाने मोकळ्या जागेत उभं केलं. "वाजव! बाहेर चालत जा आणि वाजव! थांबू नकोस!"

हलगी कडाडली. जिकडे हलगी तिकडे जायचं, हे त्या गावच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. डोकी वळली. पाय वळले. सगळ्यांत आधी पाटलाची लेक बाळाला छातीशी धरून बाहेर पडली. मग म्हाताऱ्या, मग पोरंसोरं, मग बांगड्यांचा हारा डोक्यावर घेतलेली कासारीण. पण दार अरुंद पडत होतं. तेव्हा एक माणूस दात-ओठ खाऊन शेजारची काटी उपटायला लागला. कोण असेल? चुलतभाऊच! "जीव गेला तरी नाही" म्हणणारा तोच. त्याची बायको आणि चारही पोरं आत होती.

सगळी जत्रा उतारावरून ओढ्यात उतरली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. एकेक घर आपापली माणसं मोजू लागलं. "आमचे सगळे आले." "आमचेही आले." "थोरला कुठाय? हा बघा, हा बघा!" कुंभाराचे आले, सुताराचे आले, परगावचे आले. दोन पालं जळली, कमान काळी पडली, भजीवाल्याची एक भुवई गेली. बाकी कोणाच्या केसालाही धक्का नाही. भजीवाला कढईसाठी रडायला लागला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अरे, भुवई उगवते, कढई मिळते!" आणि सगळा ओढा हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. पाटलाचं नातवंड मात्र आईच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

संध्याकाळी ते मरतुकडं तट्टू धापा टाकत आलं. अंमलदाराला लांबून धूर दिसला होता. तट्टू थांबायच्या आधीच तो खाली उतरला.

"कोण कोण गेलं?"

"कोणी नाही, रावसाहेब."

"कोणी नाही?"

"एक माणूस नाही."

"परत सांगा."

"एकसुद्धा नाही."

अंमलदार मटकन जमिनीवरच बसला. पाटलिणीने पाणी दिलं ते तो घटाघटा प्यायला. मग पाटील त्याच्यासमोर उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "रावसाहेब, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. दार मी बुजवलं होतं."

"मग?"

"मग उपटलं. आग लागायच्या जरासं आधी."

अंमलदाराने पाटलाचे रक्ताळलेले हात पाहिले. रागवायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण शिंक आली. मग म्हणाला, "हळद लावा त्या हातांना."

पुढच्या वर्षी परवाना मागायला पाटील स्वतःहून आणि सगळ्यांच्या आधी गेला. काट्यांच्या दिवशी घराघरांच्या काट्या लागल्या. शेवटी पाटील रिकाम्या हातांनी वाजतगाजत आला, मोकळ्या दारातून चालत बाहेर गेला, परत आत आला, आणि गावाने त्याच्यावर गुलाल उधळला. तेव्हापासून ओढ्याकडचं दार त्या गावात सगळ्यांत मानाचं ठरलं.

चुलतभावाने मात्र भांडण काढलंच. म्हणाला, "दादा, निम्मी मोकळी जागा आमची आहे हां! आम्हीही त्यातून चालणार."

"चाल बाबा," पाटील म्हणाला, "तेवढ्यासाठीच ती आहे."

तात्पर्य: कोणी तपासायला येवो न येवो, दिलेला शब्द पाळावा आणि दार मोकळं ठेवावं, कारण कुंपणाच्या आत आपलीच माणसं बसलेली असतात.