पाट्याला नवं व्हायचं होतं

घरोघरी मिक्सर यायच्या आधीची गोष्ट. गोदाक्काचं तांब्याचं पातेलं कल्हई करून आलं आणि चांदीसारखं मिरवू लागलं. पाटा जळफळला. त्याच्यावरून मिरच्या नुसत्या घसरत होत्या आणि गोदाक्का म्हणत होती, "याला आता न्हाणीत टाकते, कपडे धुवायला."

तेवढ्यात पाट्याला टाकी लावणारी यल्लव्वा दारात आली.

"मला त्या पातेल्यासारखं चकचकीत कर," पाटा म्हणाला.

यल्लव्वाने हात फिरवला. "गुळगुळीत झालास, हेच तर तुझं दुखणं," म्हणत तिने छिन्नीने त्याला अंगभर टोचलं.

पाटा रुसला. पण संध्याकाळी त्याच्यावरची चटणी खाऊन सगळ्यांनी जादा भाकरी मागितली.

पातेलं हळूच म्हणालं, "ती बाई मलाही नवं करेल का रे?"

"करेल की," पाटा म्हणाला, "मग आमटी चुलीला वाढायची."